उघडा माळ आणि झाडीचे व्याकरण : निसर्गललिताच्या वाचकाची एक मर्यादा

१

मराठी निसर्गललिताची चर्चा बहुधा लेखकाचा व्यासंग, त्याची शब्दकळा आणि त्याचे रानवेड यांची नोंद घेऊन थांबते. या लेखनाने कोणता वाचक घडवला, आणि तो वाचक पुस्तक मिटून प्रत्यक्ष रानात गेला म्हणजे त्याला काय दिसते व काय दिसत नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक या वाङ्मयप्रकारात वाचन आणि भेट या दोन क्रिया एकमेकींना फार जवळच्या आहेत. कादंबरीचा वाचक कादंबरीतल्या गावी जाईलच असे नाही. परंतु व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' किंवा मारुती चितमपल्लींचे 'रानवाटा' वाचणारा चार दिवसांची सुटी हाती आली की पाठीवर पिशवी टाकून निघतो. त्याची भेट हा त्याच्या वाचनाचाच उत्तरार्ध असतो.

या वाचकाचा एक ठळक नमुना मुंबईच्या उपनगरांत सापडतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला रानाची पहिली ओळख झाली ती पुस्तकातून आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून, दोहोंतून एकाच वेळी. हाच वाचक पुढे सह्याद्री ओलांडून सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पाहायला किंवा कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट पाहायला जातो, तेव्हा त्याच्या तोंडून हमखास निघणारा उद्गार असा असतो : 'पण इथे जंगल कुठे आहे?' हा उद्गार वरवर भाबडा वाटला तरी त्यात एक संपूर्ण वाङ्मयीन परंपरा बोलत असते. महाराष्ट्रात वाळवंट नाही. पण पर्जन्यछायेतला कोरडा माळ हा वाळवंटाचा सख्खा शेजारी आहे, आणि आपल्या निसर्गलेखनाच्या सवयींची कसोटी त्याच्यावरच लागते. या कसोटीला त्या सवयी का उतरत नाहीत आणि न उतरण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

बोरिवलीचे उद्यान ही एक संहिता मानली तर तिचे वाचन कसे घडते? सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाते. त्याआधी त्याची 'कृष्णगिरी' आणि 'बोरिवली' ही नावे होती. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले, आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र राखण्याच्या निमित्ताने भोवतालचे रानही राखले गेले. म्हणजे हे रान शहराच्या गरजेतून टिकले. रविवारी येणाऱ्या पाहुण्यासाठी त्याची एक ठरलेली क्रमवारी आहे : प्रवेशद्वार, तळ्यातली नाव, 'वनराणी' ही छोटी आगगाडी, गांधी टेकडी, सिंहविहार आणि शेवटी कान्हेरीची लेणी. 'वनराणी'चा मार्ग मे २०२१ च्या तौक्ते वादळात उखडला गेला. परंतु उपनगरांतल्या कित्येक पिढ्यांच्या बालपणात ती धावून गेली आहे, आणि अशा सहलींची थट्टा करण्यात समीक्षेचे कोणतेही मोठेपण नाही. दोन खोल्यांच्या घरात आठवडा काढणाऱ्या कुटुंबाला झाडाखाली डबा उघडून बसता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न आहे तो या क्रमवारीतून मनात ठसणाऱ्या व्याकरणाचा. हे व्याकरण झाडीचे आहे. झाडी आडोसा देते. आडोशामुळे रहस्य निर्माण होते. वाट वळते आणि वळणापलीकडे काहीतरी 'दिसते'. पाहणारा आडोशाला राहतो, प्राणी त्याच्या नकळत प्रकट होतो. निसर्गललितातील बहुसंख्य प्रसंगांची बांधणी अशीच असते : पहाटेची निःशब्दता, पानांची सळसळ, माकडांचा इशारा, ताणलेली प्रतीक्षा आणि दर्शन. कथेच्या परिभाषेत बोलायचे तर हे रहस्यभेदाचे कथानक आहे, आणि झाडी ही त्या कथानकाची पूर्वअट आहे.

बोरिवलीत हे कथानक अर्धवटच सिद्ध होते, ही बाब लक्षणीय आहे. सिंहविहारात कुंपणाआड दाखवला जाणारा सिंह या रानाचा मूळ रहिवासी नाही. खरा रहिवासी बिबट्या बहुधा दिसत नाही. तो रात्री आरेच्या, मुलुंडच्या, ठाण्याच्या कडेने फिरतो आणि वृत्तपत्रातून भेटतो. रानाच्या आत वारल्यांचे पाडे आहेत, आणि वारली परंपरेत बिबट्याचे नाते वाघोबा या दैवताशी जोडलेले आहे. पाहुण्याच्या क्रमवारीत या पाड्यांना जागा नाही. १९९५ साली उच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेवर १९९७ साली जो आदेश झाला, त्यानंतर उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. त्या आदेशाची योग्यायोग्यता हा येथील विषय नाही. येथे एवढेच नोंदवायचे आहे की पाहुण्याला 'निर्मनुष्य' वाटणारे रान निर्मनुष्य केले गेलेले असू शकते. रिकामेपणालाही इतिहास असतो. माळाकडे जाताना हे सूत्र जवळ ठेवणे आवश्यक आहे.

३

बोरघाट ओलांडला की पाऊस मागे राहतो. मुंबईच्या उपनगरांत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्साही येत नाही. या उणिवेतून जे उगवते ते गवत : मारवेल, पवन्या, कुसळ. मधूनमधून बाभूळ, बोर, हिवर. या गवतावर काळवीट आणि चिंकारा जगतात, त्यांच्या मागावर लांडगा असतो, खोकड असते. जमिनीवर चंडोल, धाविक, पखुर्डी आणि टिटवी घरटी करतात, अनेकदा घरटे म्हणावे असे काहीही न करता उघड्या मातीवरच अंडी घालतात. माळढोकाची मादी एका विणीत सहसा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. ज्याला आडोसा नाही त्याचे संरक्षण म्हणजे अंतर आणि मातीशी एकरूप झालेला रंग.

आता पाहुण्याची अडचण लक्षात येते. माळ काहीही लपवत नाही, म्हणून तो काहीही प्रकट करू शकत नाही. रहस्यभेदाच्या कथानकाला येथे आधारच उरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दृष्टीची दिशा उलटते. झाडीत पाहणारा लपलेला आणि प्राणी उघडा असतो. माळावर पाहणारा उघडा असतो आणि प्राण्याने त्याला केव्हाच पाहिलेले असते. काळविटांचा कळप अर्ध्या कोसावर माना वर करतो, तेव्हा पाहुण्याला पहिली जाणीव होते ती आपण दिसत असल्याची. निसर्गललितातील निवेदकाचा जो अलिखित अधिकार असतो, न दिसता पाहण्याचा, तो येथे काढून घेतला जातो.

या अडचणीतून सुटण्यासाठी भाषा काय करते ते पाहावे. माळासाठी मराठीत रूढ असलेली विशेषणे ही : उजाड, ओसाड, भकास, उघडाबोडका. यांपैकी 'उजाड' आणि 'ओसाड' ही मुख्यतः माणसे सोडून गेलेल्या वस्तीची विशेषणे आहेत. 'उघडाबोडका' हे देहाचे विशेषण आहे. अंगावर वस्त्र नाही आणि डोक्यावर केस नाहीत असा देह. 'बोडकी' हा शब्द मराठी समाजात कोणत्या स्त्रीसाठी वापरला जात होता हे सांगण्याची आवश्यकता नाही. याच्या दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातली धरित्री आहे. तिने हिरवा शालू नेसल्याचे वर्णन शालेय निबंधापासून भावगीतापर्यंत इतके रुळले आहे की ती प्रतिमा आहे हेच ध्यानात येत नाही. म्हणजे आपल्या निसर्गप्रतिमांची एक मोठी जोडी सुवासिनी आणि विधवा या सामाजिक जोडीवर उभी आहे. हिरवी भूमी सौभाग्यवती. कोरडी भूमी काहीतरी गमावून बसलेली. माळ हा स्वतः काही असू शकतो, ही शक्यताच या प्रतिमाव्यवस्थेत बसत नाही. तो नेहमी कशाचा तरी अभाव असतो.

सौंदर्यशास्त्रीय परिभाषेतही ही अडचण मांडता येते. निसर्गाच्या आस्वादाविषयी लिहिताना अॅलन कार्लसन या विचारवंताने १९७९ मध्ये दोन प्रतिमानांवर आक्षेप घेतला होता. एकात निसर्गातील वस्तू शिल्पासारखी सुटी करून पाहिली जाते, दुसऱ्यात निसर्ग चौकटीतल्या देखाव्यासारखा पाहिला जातो. माळ या दोन्हींना दाद देत नाही. त्यात सुटी करण्याजोगी वस्तू जवळ येत नाही आणि देखाव्याला कडा सापडत नाही. कार्लसनच्या मते अशा वेळी आस्वादाला ज्ञानाचा आधार लागतो : हे गवत का, एवढेच उंच का, येथे झाड का नाही. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'नंतर (१९७४) मराठीत सौंदर्याच्या स्वायत्ततेची आणि लौकिकतेची चर्चा पुष्कळ झाली; परंतु ती प्रायः कलाकृतीभोवती फिरली. निसर्गाच्या आस्वादाला ती लावून पाहिली तर माळ हे लौकिकतेच्या बाजूचे बलवान उदाहरण ठरते. ज्याला धाविकाची पळण्याची लकब ठाऊक नाही, त्याच्यासमोरून धाविक पळून गेला तरी माळ रिकामाच राहतो.

४

'इथे जंगल कुठे आहे?' या उद्गारातील खरी विसंगती शब्दाच्या इतिहासात आहे. 'जंगल' हा शब्द संस्कृत 'जांगल' पासून आला, आणि 'जांगल' म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भूमीचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत पाणथळ, दाट झाडीचा 'अनूप' देश एका टोकाला आहे आणि कोरडा, मोकळा, विरळ झुडपांचा, हरणांचा 'जांगल' देश दुसऱ्या टोकाला. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अर्थपालटाचा सविस्तर मागोवा घेतला आहे. म्हणजे मूळ अर्थाने बोरिवलीचे ओले, दाट रान 'अनूपा'च्या जवळचे आहे, आणि रेहेकुरीचा काळविटांचा माळ हेच जांगल आहे. ज्या भूमीचे ते नाव होते, त्याच भूमीवर उभा राहून पाहुणा ते नाव दुसरीकडे शोधतो.

अर्थात या व्युत्पत्तीत गुंतून 'मूळ' अर्थाचा गौरव करणे धोक्याचे आहे. मनुस्मृतीने राजाला जांगल देशात राहण्याचा सल्ला दिला आणि काळवीट जेथे स्वभावतः फिरतो तो देश यज्ञाला योग्य मानला. परंतु त्याच श्लोकात त्यापलीकडचा देश म्लेच्छांचा ठरवून टाकला. काळवीट तेथे सीमेचा खांब होता. माळाला पुन्हा अर्थ द्यायचा तर तो या वर्चस्वाच्या भूगोलातून उसना आणता येणार नाही. शब्दाच्या इतिहासाने येथे एवढेच सिद्ध होते की माळाचे 'रिकामेपण' हा त्याचा गुणधर्म नसून वाचनाच्या एका पद्धतीचा परिणाम आहे.

हा परिणाम पुस्तकापुरता राहत नाही. महसुली दप्तर हीही एक संहिताच आहे, आणि तिच्यात गवताळ माळासाठी 'पडीक' आणि 'पोटखराब' असे शब्द आहेत. पिकाखाली नसलेली ती वाया गेलेली, ही त्या दप्तराची धारणा आहे. तिची दृष्टी साऱ्याची आहे. ललितलेखकाचे 'उजाड' आणि तलाठ्याचे 'पडीक' हे दोन भिन्न हेतूंनी आलेले शब्द प्रत्यक्षात एकमेकांना पुष्टी देतात. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी झाडे लावण्याच्या मोहिमा झाल्या. एकट्या २०१९ चे उद्दिष्ट तेहेतीस कोटींचे होते. झाडे लावणे हे सत्कृत्यच आहे; पण जेथे गवत हीच परिपूर्ण अवस्था आहे तेथे झाडांची दाटी करणे म्हणजे माळाच्या रहिवाशांना बेघर करणे होय, हा विचार लोकमानसात रुजत नाही. कारण बोडकीला शालू नेसवण्यात काही चुकत असेल असे आपल्या प्रतिमाव्यवस्थेला वाटतच नाही. राजस्थान आणि गुजरातमध्ये सौर व पवन ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी 'रिकामी' वाळवंटी भूमी सोयीची मानली गेली. समोरचे नीट न दिसणारा माळढोक त्यांच्या विद्युत्तारांवर आदळून मरतो, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे २०२१ साली तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला आणि २०२४ साली तो शिथिल झाला.

नान्नजची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. १९७९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र कागदावर सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, रस्ते सारे काही आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि माळढोक हा पक्षी न राहता एक अडथळा झाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान पक्षी विरळ होत गेला. २०११ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली; आज जगात उरलेले दोनशेहून कमी माळढोक बहुतांशी राजस्थानात आहेत आणि नान्नजला त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. 'अभयारण्य' या शब्दातले अरण्य तेथे प्रचलित अर्थाने कधीच नव्हते. आता ज्याच्या नावाने अभय दिले तोही जवळजवळ नाही. चिन्ह उरले आणि चिन्हित निघून गेले, असे हे विदारक उदाहरण आहे. बोरिवलीत जे दाखवले जाते ते तेथले नसते. नान्नजला जे तेथले होते ते दाखवता येत नाही.

५

मग मराठी वाङ्मयात माळ वाचण्याची दुसरी रीत नाहीच काय? ती आहे, पण निसर्गललिताच्या बाहेर आहे. चितमपल्लींचा जन्म सोलापूरचा. परंतु त्यांच्या लेखनाची मुख्य भूमी ठरली ती नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही विदर्भातली पाण्याची आणि झाडीची. वनखात्याच्या सेवेने ती भूमी त्यांना दिली, आणि त्यांनी मराठीला पक्ष्यांच्या, झाडांच्या नावांचे अक्षय धन दिले. 'पक्षिकोशा'सारख्या ग्रंथामुळेच माळावरच्या पक्ष्यालाही मराठी नावाने हाक मारता येते. परंतु वाचकाच्या मनात जो 'रान' या शब्दाचा नकाशा तयार झाला तो झाडीचाच झाला. हा लेखकाचा दोष नव्हे. एका समर्थ लेखनाचा तो अनपेक्षित परिणाम आहे.

दुसरी रीत सापडते ती माडगूळकरांच्याच 'बनगरवाडी'त (१९५५). ही कादंबरी निसर्गलेखन म्हणून सहसा वाचली जात नाही. ती ग्रामीण कादंबरी म्हणून वर्गीकृत आहे. पण माळ तिच्यात पार्श्वभूमी नाही. तरुण मास्तर माळ तुडवत वाडीत येतो, म्हणजे तोही प्रथम पाहुणाच. फरक असा की त्याला राहावे लागते. त्याने पाहण्याआधी वाडी त्याला पाहते, पारखते; माळावरच्या दृष्टीची जी उलटापालट वर सांगितली ती या कादंबरीच्या निवेदनाचे मूलसूत्र आहे. धनगरांसाठी माळ हा देखावा नसून चारा, पाणी, मेंढरे आणि लांडगा यांचा रोजचा हिशेब आहे. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. येथे 'ओसाड' हे विशेषण प्रथमच आपल्या खऱ्या अर्थाने येते, कारण ते एका घटनेचे फलित म्हणून येते. भरलेपण आधी आहे, रिकामेपण नंतर. पाहुणा जे माळाचे स्वरूप समजतो ती माळाच्या आयुष्यातली एक आपत्ती होती, हे 'बनगरवाडी' वाचल्यावर कळते.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आणखी एक मार्ग दाखवते. त्याचा आकृतिबंध प्रवासाचा नसून पंचांगाचा आहे. बारा महिन्यांचे चक्र स्वीकारल्यावर कोरड्या महिन्यांना वगळता येत नाही. वैशाखालाही श्रावणाइतकीच जागा द्यावी लागते. भेटीचा आकृतिबंध स्थळ निवडतो आणि निवडताना हिरव्याला झुकते माप देतो; कालचक्राचा आकृतिबंध अशी निवड होऊ देत नाही. माळाविषयी लिहायचे तर कदाचित हाच आकृतिबंध अधिक उपयुक्त ठरेल, कारण माळाचे रहस्य आडोशात नसून काळात आहे. आषाढात गवत फुटते, भाद्रपदात ते कमरेला लागते, मार्गशीर्षात पिवळे पडते. माळढोकाचा नर पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून दूरवर पोचणारा घुमारा काढत असे. एका रविवारची भेट यातले एकच पान वाचते.

येथे एक आक्षेप संभवतो. पाहुण्याची दृष्टी उथळ ठरवून रहिवाशाच्या दृष्टीला प्रमाण मानणे हे देशीवादी सुलभीकरण नव्हे काय? अमेरिकी लेखक एडवर्ड अॅबी याने यूटा राज्यातील वाळवंटी उद्यानात हंगामी रक्षक म्हणून काम केले आणि 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) या पुस्तकात मोटारीतून येणाऱ्या सहलकऱ्यांवर कठोर टीका केली. वाळवंटाला त्याने इंग्रजी गद्यात अपूर्व प्रतिष्ठा मिळवून दिली. पण त्याच्या एकांताला इतर माणसांची अडचण होते, आणि त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या समूहांना त्यात दुय्यम स्थान मिळते. ती वाट मराठीने धरण्याचे कारण नाही. घाटकोपरहून रात्रीच्या गाडीने सोलापूरला येणाऱ्या पाहुण्याचा आनंद खरा आहे आणि त्याचा त्याला हक्क आहे. शिवाय पाहुणा परत जातो. जाताना तो जे सांगतो त्यावर दूरच्या भूमीविषयीचे लोकमत बनते. म्हणून प्रश्न पाहुण्याला हाकलण्याचा नसून त्याच्या वाचनाचा आहे.

माळ या वाचनाला काही शिकवू शकतो. तेथे चालावे लागते, आणि आडोसा नसल्याने हळू चालावे लागते. कानाला कामाला लावावे लागते. चंडोल दिसण्याआधी आकाशातून ऐकू येतो. आपण पाहिले जात आहोत हे मान्य करावे लागते. मेंढरांमागून येणाऱ्या धनगराला वाट विचारावी लागते, आणि मग लक्षात येते की 'निर्मनुष्य' माळाला मालक आहेत, वाटा आहेत, नावे आहेत. अशी भेट घडली तर ती करमणुकीहून कमी आनंदाची ठरत नाही. उलट बोरिवलीला परतल्यावर कान्हेरीच्या वाटेवरचा पाडाही त्या पाहुण्याला दिसू लागण्याची शक्यता निर्माण होते.

मराठी समीक्षेपुढचे काम यावरून स्पष्ट व्हावे. निसर्गललिताचे मूल्यमापन करताना शब्दकळेबरोबरच त्या लेखनाने कोणती भूमी वाचनीय केली आणि कोणती अवाचनीय ठेवली, याचाही विचार झाला पाहिजे. ज्या भूमीला भाषेत केवळ अभावाची विशेषणे आहेत, तिच्यावर काहीही उभारले तरी ती भरल्यासारखीच वाटते. माळढोकाचा ऱ्हास विशेषणांनी घडवला असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो नाहीसा होत असताना त्याचा माळ 'रिकामा' म्हणूनच वाचला जात होता, ही नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.